काडी बुडली की थांबायचं

आत्याला भीमाशंकरला जायचं होतं. श्रावणात, पायथ्याच्या खांडस गावावरून आणि पायी. यावरून आमच्या घरात महिनाभर बोलाचाली झाली. पुण्याहून एसटी थेट वरपर्यंत जाते, गाडीतळापासून पायऱ्या उतरलं की देऊळ. मग सहासष्टाव्या वर्षी, ऐन पावसात डोंगर चढायचा अट्टहास कशासाठी, असं तिच्या मुलाचं म्हणणं. आत्याचं उत्तर एकच. "गाडीनं तीनदा जाऊन आले. आमचा भीमाशंकर खालून चढून जायचा असतो."

ती कर्जत तालुक्यातली. तिच्या माहेरच्या ओट्यावरून सह्याद्रीची भिंत समोर दिसते आणि पावसाळ्यात ती भिंत दिवसेंदिवस ढगात असते. भाताची लावणी आटोपली की गावातली माणसं श्रावणात गणेश घाटाने वर जायची, दर्शन घेऊन दुसऱ्या दिवशी खाली यायची. ती शेवटची अशी गेली तेव्हा चौदा वर्षांची होती. तिच्या डोळ्यांत मी ते पाहिलं आणि सांगून टाकलं, मी घेऊन जाते. त्या क्षणापासून जबाबदारी माझी झाली. पुढचे दोन महिने मी त्याच विचारात होते.

आधी डॉक्टरांकडे तपासणी केली. हृदय ठीक, रक्तदाब गोळीवर ताब्यात, उजवा गुडघा थोडा कुरकुरणारा. मग रोज संध्याकाळी जिने. पाच मजले चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. पंधरा दिवसांनी पाठीवर पिशवी, पिशवीत तीन किलो तांदूळ. चढण्यापेक्षा उतरण्याचा सराव जास्त केला, कारण गुडघा उतारावर बोलतो. बूट दोन महिने आधी घेऊन घरात वापरायला लावले. नव्या बुटांनी पावसात डोंगर चढणं म्हणजे टाचेला फोड हे ठरलेलं.

वाटेचा निर्णय मात्र एका मिनिटात झाला. खांडस गाव मागे टाकल्यावर पुलापाशी दोन वाटा फुटतात. डावीकडे शिडी घाट, उजवीकडे गणेश घाट. शिडी घाट जवळचा, तीन-चार तासांचा, पण त्यात कड्याला लावलेल्या शिड्या आणि निसरड्या कपारी. पावसात तिथे अपघात झालेले आहेत आणि पावसाळ्यात त्या वाटेवर अनेकदा मनाई असते. तरीही दर श्रावणात माणसं लहान मुलांना घेऊन तिकडे वळतात, याचा मला मनापासून राग येतो. गणेश घाट लांबचा, पाच-सहा तासांचा. पण ती जुनी, माणसांनी पिढ्यानपिढ्या ओझी घेऊन वापरलेली वाट आहे. आत्याची वाट तीच.

सोमवार टाळायचा हेही ठरलं. श्रावणी सोमवारी वर पाय ठेवायला जागा नसते आणि अरुंद वाटेवर मागून येणाऱ्यांचा रेटा सर्वांत धोक्याचा. पहिला ठरवलेला दिवस हवामान खात्याच्या इशाऱ्यामुळे रद्द केला. भरलेल्या पिशव्या पुन्हा रिकाम्या करताना आत्या एक शब्द बोलली नाही. फक्त सुका मेवा डब्यात परत ओतताना तिचा हात जड झालेला मला दिसला. पुढच्या आठवड्यात गुरुवारी निघालो. आत्या, मी, आत्याचा बावीस वर्षांचा नातू आणि खांडसच्या बाजूच्या वाडीतले एक मामा. मामांना बरोबर घेणं ही या सगळ्या प्रवासातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट ठरली.

सहा वाजता चढायला सुरुवात केली. पाऊस होता, पण रिमझिम. आत्याने नऊवारीचा कासोटा घातला होता. सलवार घाल म्हणून मी खूप सांगितलं होतं, ती ऐकली नाही. चढताना तिला खरोखरच सोपं गेलं. गुडघ्याच्या वर कसून बांधलेलं नेसणं पायात येत नव्हतं. पण ते सुती होतं, आणि भिजलेलं सुती कापड काय करतं ते दुपारी कळलं.

पहिल्या तासात मामांनी आम्हाला चालायला शिकवलं. मी याआधी पाच-सहा गड केले आहेत, तरी शिकवलं हाच शब्द खरा. गुळगुळीत काळ्या दगडावर पाय ठेवायचाच नाही, तो कितीही सपाट आणि सोयीचा दिसला तरी. पाय खडबडीत, माती धरलेल्या जागी ठेवायचा. ओल्या मुळांवर तर अजिबात नाही, साबणासारखी असतात. कारवीच्या झुडपाला धरायचं झालं तर बुडाशी धरायचं, शेंडा हातात येतो आणि माणूस मागे जातो. पाऊल छोटं. "मोठ्या पावलात एक पाय हवेत ऱ्हातो ताई, तेवढ्यात घात होतो," असं मामा म्हणाले. त्यांच्या पायात साधी प्लास्टिकची चप्पल होती आणि दिवसभरात त्यांचा पाय एकदाही सटकला नाही.

गणपतीच्या देवळाशी तासाभरात पोहोचलो. आत्याने दुर्वा वाहिल्या, घरून आणलेल्या, रुमालात गुंडाळलेल्या. डोक्यावर पदरगड असायला हवा होता, पण ढगापलीकडे काही दिसत नव्हतं. तिथून वाट डोंगराच्या कुशीने आडवी जाते आणि मध्ये ओढे लागतात. पहिला ओढा घोट्याएवढा. तो ओलांडला आणि पावसाचा आवाज बदलला. रिमझिम संपली. पानांवर खडे पडावेत तसा तो पडू लागला. एकमेकांशी बोलायला ओरडावं लागत होतं. म्हणून मी प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी अडकवली होती. एक शिट्टी म्हणजे थांबा, तीन म्हणजे मदत. मामा पुढे, मग आत्या, मग नातू, शेवटी मी. धुकं इतकं दाटलं की मामांची निळी प्लास्टिकची खोळ दहा पावलांवर दिसेनाशी व्हायची.

दुसरा ओढा आला आणि मामा थांबले.

पाणी गढूळ, तांबडं, आणि मधल्या दगडांवरून उसळत चाललेलं. डावीकडे, जिथे ते खाली जात होतं, तिथे काही दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. म्हणजे तिथे कडा होता. नातू म्हणाला, गुडघ्याएवढंच तर आहे, हात धरून जाऊ. मामांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी कारवीची एक बोटभर जाड काडी मोडली, पाण्याच्या अगदी कडेला चिखलात खोचली आणि तिच्यावर नखाने एक खूण केली, पाणी जिथे टेकत होतं तिथे. मग मागे सरकून एका खडकाच्या आडोशाला उकिडवे बसले.

"काडी बुडली की थांबायचं. काडी उघडी पडली की निघायचं."

आम्ही बसलो. मी आयुष्यात इतक्या एकाग्रतेने काही पाहिलं नसेल. खूण पहिल्या दहा मिनिटांत पाण्याखाली गेली. मग काडीचा अर्धा भाग गेला. पाणी वर येताना सरळ येत नाही, श्वास घेतल्यासारखं येतं, दोन बोटं वर, एक बोट खाली, पुन्हा दोन बोटं वर. काडी थरथरत होती, पण उभी होती. आत्याने गूळ-शेंगदाणे काढले आणि सगळ्यांच्या तळहातावर मोजून दिले. कोणी बोलत नव्हतं.

थांबलेलो असताना मामांनी आणखी एक गोष्ट सांगितली. ओढ्याचं पाणी वाढलं तर त्यांना भीती वाटत नाही. भीती वाटते ती भर पावसात पाणी एकदम कमी झालं किंवा अचानक घट्ट चिखलासारखं यायला लागलं तर. म्हणजे वर कुठेतरी माती सरकून ओढा अडलाय. मग तिथे एक क्षणही थांबायचं नाही, बाजूला आणि उंचावर निघायचं. हे सांगताना त्यांनी इर्शाळवाडीचं नाव घेतलं. १९ जुलै २०२३ च्या रात्री शेजारच्या खालापूर तालुक्यात ती वाडी झोपेत दरडीखाली गेली. तेव्हापासून आमच्याकडे मोठ्या पावसात घरातलं एक माणूस जागं असतं, असं म्हणाले आणि गप्प झाले.

पन्नास मिनिटांनी पावसाचा जोर उतरला. त्यानंतर वीस मिनिटांत नखाची खूण पुन्हा दिसू लागली. डोंगरातला ओढा चढतो तसाच झपाट्याने उतरतो, हे मला ऐकून माहीत होतं, तरी ती काडी नसती तर मी इतका वेळ थांबले असते का, हे मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. खूण बोटभर उघडी पडल्यावरच मामा उठले. पाठपिशवीचा कमरेचा पट्टा सोडायला लावला, म्हणजे पडलो तर पिशवी टाकून देता येते. तोंड प्रवाहाकडे, काठी प्रवाहाच्या बाजूला, पाय उचलून न टाकता तळावर घासत आडवे सरकवायचे. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, काठी किंवा पाय. आधी मामा पलीकडे गेले, मग आत्याला मध्ये घेऊन आम्ही दोघं. आत्याचा पंजा माझ्या मनगटावर इतका घट्ट होता की बोटांचे वळ दोन दिवस राहिले.

आम्ही घरून निघताना एक नियम केला होता. बारा वाजेपर्यंत पदरवाडीच्या पठारावर पोहोचलो तरच पुढची चढण चढायची, नाही तर मागे फिरायचं. पठारावर पोहोचलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. दोन्ही घाटांच्या वाटा इथे एकत्र येतात. पुढे दाट जंगलातली दोन-अडीच तासांची खडी चढण, आणि मोठ्या पावसात तिथे वाट आणि ओढा यात फरक उरत नाही. मागे फिरावं तर तो ओढा पुन्हा.

आणि आत्या कापत होती. आधी मला वाटलं दमली आहे. मग मी तिला विचारलं, गोळी घेतलीस का, आणि तिने उत्तर द्यायला खूप वेळ लावला. शब्द जडावले होते. ओठ पांढरे. सुती नऊवारी पाच तास अंगाला चिकटून गारठली होती आणि थांबलेल्या त्या तासाभरात अंगातली ऊब निघून गेली होती. थकव्यापेक्षा हे कितीतरी वाईट. थकलेला माणूस बसला की सावरतो, गारठलेला बसला की आणखी खचतो.

मामा आम्हाला वाडीत त्यांच्या नात्यातल्या एका घरी घेऊन गेले. दारात उभ्या असलेल्या बाईंनी काही विचारलं नाही. आत्याला आत घेतलं, पुरुषांना ओसरीवर थांबवलं. आम्ही दोघींनी तिची सगळी ओली कापडं उतरवली. माझ्या पिशवीत तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत एकात एक बांधलेला कोरड्या कपड्यांचा जोड होता, तो चढवला. घरातली घोंगडी, डोक्याला टॉवेल, चुलीपुढे पाट. मी तिचे पाय जोरजोरात चोळायला लागले तर बाईंनी माझा हात धरला. चोळू नका, नुसते धरून बसा, असं म्हणाल्या आणि स्वतः आत्याला पाठीमागून कवेत घेऊन बसल्या, लेकराला घेतात तशी. मग गुळाचा कोरा चहा, घोट घोट. अर्ध्या तासाने आत्या नीट बोलली. पहिलं वाक्य होतं, "किती वाजले? निघायचं ना?"

मी नाही म्हणाले. आज पुढेही नाही आणि मागेही नाही. इथेच राहायचं.

ती रडली. आवाज न करता, चुलीकडे बघत. देव डोक्यावर आहे आणि मी खाली बसून राहू, असं काहीतरी म्हणाली. मला तिची समजूत घालता आली नाही. तिच्या जागी मीही रडले असते. पण नियम कशासाठी केला होता हे मला त्या क्षणी पक्कं आठवत होतं. नियम घरी बसून, कोरड्या कपड्यांत, शांत डोक्याने केलेला असतो. डोंगरात भिजलेलं, गारठलेलं, देवाच्या इतक्या जवळ आलेलं मन त्याच्याइतकं शहाणं नसतं.

फोनला रेंज नव्हती. पण निघताना घरी सांगून ठेवलं होतं की संध्याकाळी फोन आला नाही तर काळजी करू नका, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहा. हे एक वाक्य सांगून ठेवल्यामुळे त्या रात्री मी निदान त्या चिंतेतून मोकळी होते.

रात्री नाचणीची भाकरी आणि ओल्या मिरचीचा ठेचा. बाहेर पाऊस कोसळत होता. घरातली माणसं खरोखरच आळीपाळीने जागी होती. मध्यरात्री मला जाग आली तेव्हा घरातले म्हातारबाबा दारात बसून कान देऊन ऐकत होते. काय ऐकताय, मी विचारलं. ओढा ऐकतो, म्हणाले. वर्षभर जे तिथेच राहतात, त्यांचा श्रावण असा जातो. आपण एक दिवस भिजून येतो.

सकाळी पावसाने उसंत घेतली होती. साडेसहाला निघालो. आत्याने या वेळी माझी ट्रॅकपँट घातली होती, वरून झटकन वाळणारा सदरा. पुढची चढण खडी होतीच, पण वाट पाण्याखाली नव्हती. जंगल इतकं दाट की वरचं पाणी थांबल्यावरही पानांचं पाणी तासभर पडत राहतं. एका ठिकाणी फांदीवर शेकरू दिसलं, तांबूस पाठ, फांदीवरून खाली सोडलेली लांब शेपटी. आत्या थांबली. आमच्याकडे हिला बघितलं की काम होतं म्हणायचे, असं हळूच म्हणाली. वीस पावलं चालायची, दहा श्वास थांबायचं, असं आम्ही शेवटपर्यंत केलं. दोन तासांची चढण आम्हाला साडेतीन तास लागली आणि कोणी घाई केली नाही.

खालून येणारी वाट देवळाच्या मागच्या अंगाने वर पोहोचते. धुक्यातून आधी घंटेचा आवाज आला. आत्या तिथेच, चिखलात, गुडघे टेकून बसली.

दर्शन जेमतेम मिनिटभर झालं. रांग, धक्के, ओला दगड, बेलाचा वास. बाहेर येऊन आम्ही ती मोठी घंटा पाहिली. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगीजांच्या घंटा आणल्या, त्यांतली एक इथे वाहिलेली. आत्याला लहानपणी ती आकाशाएवढी वाटली होती, आता हात पुरला. भीमा नदी इथूनच निघते. तीच पुढे पंढरपुरात चंद्रभागा होते. आदल्या दिवशी आम्हाला अडवणारं पाणी डोंगराच्या दुसऱ्या बाजूचं, कोकणात उतरणारं. कड्याच्या धारेवर एकाच ढगाचं पाणी असं दोन समुद्रांना वाटलं जातं, हे आत्याला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ ढगाकडे बघत राहिली.

उतरायचं एसटीने, हेही आधीच ठरलेलं होतं. थकलेल्या पायांनी पावसात घाट उतरणं चढण्यापेक्षा धोक्याचं, आणि तिथे आत्याचीही हरकत नव्हती. मामांना मात्र खाली जायचं होतं. घरी भात होता, गुरं होती. मी त्यांना आमच्याबरोबर बसने चला म्हटलं, पुण्याहून गाडीने कर्जतला सोडते. ते हसले. आत्या त्यांच्या पाया पडायला वाकू लागल्यावर त्यांनी तिला मध्येच धरलं आणि स्वतःच तिच्या पाया पडले. पोहोचल्यावर फोन करा, मी दोनदा सांगितलं.

बस डिंभ्याकडे उतरू लागली तसा पाऊस पुन्हा सुरू झाला. धरणाच्या पाण्याच्या मागच्या अंगाला माळीण आहे. ३० जुलै २०१४ ला सकाळी ते गाव डोंगराखाली गेलं. गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एका एसटी चालकाच्या लक्षात आलं होतं. १५१ माणसं गेली. मी आत्याला काही सांगितलं नाही, पण बसमधल्या एका बाईंनी त्या दिशेला हात जोडले आणि आत्यानेही जोडले. काचेवरून पाणी ओघळत होतं आणि माझ्या डोक्यात मामा कुठवर उतरले असतील याचाच हिशोब चालू होता. पठार दोनपर्यंत. ओढा तीनपर्यंत. पाऊस असाच राहिला तर चार.

पाच वाजले. मंचर गेलं. सहा वाजले. आत्या माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती, मांडीवर बेलपानांची पुडी. सात वाजले. मी फोन लावला, संपर्कक्षेत्राबाहेर. घरी पोहोचलो, आंघोळी झाल्या, भात टाकला. आत्याने देवापुढे दिवा लावला आणि जेवायला बसायला नाही म्हणाली. तिनेही वेळ मोजली होती.

नऊला दहा कमी असताना फोन वाजला.

"पोचलो ताई. ओढ्यानं दीड तास बसवलं." मागे कोंबड्यांचा आणि मुलांचा गलका. "काडी तिथंच हाय अजून. हलली नाय."

मी फोन आत्याच्या कानाला लावला आणि ताटं वाढायला आत गेले.